सासूला गप्प करायची गोळी

आमच्या ओपीडीत पळायला बंदी होती. तशी पाटी कुठे नव्हती, पण पळणारा माणूस मॅडमच्या नजरेला पडला की त्याची सुटका नसे. त्याला स्टुलावर बसवायच्या, मनगट धरायच्या, डोळे मिटायच्या आणि पुरतं एक मिनिट नाडी मोजायच्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा सांगायच्या. "एकशे आठ. कुठं आग लागली?" एकदा दवाखान्याचे एक विश्वस्त फोन कानाला लावून तरातरा आत आले. त्यांनाही बसवलं. ते म्हणाले, "मॅडम, मी पेशंट नाही." मॅडम म्हणाल्या, "व्हायला वेळ लागत नाही. बसा." विश्वस्त बसले. नाडी शंभर भरली. त्यानंतर ते फोन खालीच संपवून, सावकाश एकेक पायरी चढून वर यायचे.

हा दवाखाना संभाजीनगरच्या छावणीतला, एका ट्रस्टचा. मी तिथे सिस्टर आहे. हृदय दुबळं झालेल्या पेशंटांची ओपीडी मंगळवारी आणि शुक्रवारी असते. हृदयाचे डॉक्टर येतात, तपासतात, औषध लिहितात आणि जातात. ते औषध अंगी लागेपर्यंत पेशंटच्या हात धुऊन मागे लागायचं काम मॅडमचं. त्या मूळच्या मेडिकल कॉलेजातल्या, औषधशास्त्राच्या प्राध्यापक. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात. यांनी लग्नच केलं नव्हतं, म्हणून दुसऱ्यांची हृदयं सांभाळायला घेतली. घराणं शहागंजाकडचं, जुनं मुसलमान. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलायच्या, आणि राग आला की दखनीवर यायच्या. त्यांचं पहिलं "नक्को" ऐकू आलं की मी हातातलं काम सोडून सरळ उभी राहत असे. पेशंट त्यांना आपा म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्या भाचीकडे हैदराबादला गेल्या. फोनवर अजून पहिला प्रश्न तोच असतो, "कुणी पळत नाही ना?"

चहा त्या थंड करून प्यायच्या. आला की बशी झाकून ठेवायच्या आणि तासाभरानं, वर साय धरल्यावर घ्यायच्या. म्हणायच्या, गरम चहाला माणसाची घाई लागते. पर्समध्ये त्यांच्या अम्मीचा पितळी अडकित्ता असे. सुपारी त्या खात नसत. आमची मुख्य गोळी सुरुवातीला पाव द्यायची असते, सोसली तर पंधरा दिवसांनी अर्धी, मग एक. छोटी तयार गोळी बाजारात आहे, पण पेशंटच्या गावच्या दुकानात ती असेलच याचा भरवसा नाही. मग मॅडम अडकित्त्यात गोळी धरायच्या आणि टक्, टक् करून तिचे असे चार तुकडे पाडायच्या की सोनारानं वजन करून घ्यावेत.

आणि त्यांचा ठरलेला प्रश्न म्हणजे, "किती उशा?" हृदय दुबळं झालं की आडवं झाल्यावर फुप्फुसात पाणी साचतं, गुदमरायला होतं. माणूस आपोआप एकावर एक उशी चढवत जातो. हे न कळल्यामुळे लोक दचकायचे. एक गृहस्थ लाजत म्हणाले, "दोन, आपा. एक माझी, एक बायकोची." मॅडम म्हणाल्या, "तिची तिला परत द्या. मग झोप लागते का, ते शुक्रवारी येऊन सांगा."

दोन शब्दांना त्यांच्या राज्यात मनाई होती. पहिला 'बीपीची गोळी'. आमची गोळी बाकी लोकांना बीपी उतरवायला देतात, म्हणून दुकानदार तिला तेच नाव देतो. आमच्या पेशंटांचं बीपी तर आधीच कमी असतं. मग गावातला कुणीतरी यंत्र लावतो आणि म्हणतो, बीपी नव्वद आहे, बीपीची गोळी कशाला घेता, बंद करा. ती अशी एकदम बंद करायची नसते. या एका शब्दापायी माणसं गेली आहेत, असं मॅडम म्हणायच्या, आणि हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर गंमत नसायची.

दुसरा शब्द 'दमा'. धाप लागली की आपल्याकडे माणूस म्हणतो, दम लागतो. घरचे म्हणतात, दमा झाला. कुणीतरी कागदावर लिहितं, दमा. एकदा कागदावर आलं की ते आधार कार्डासारखं चिकटतं. मग पंप येतो. खऱ्या दम्याला पंपानं आराम पडतो, पण दुबळ्या हृदयाला तो आणखी पळवतो. "एका कान्याचा फरक आहे," मॅडम म्हणायच्या. "दम आणि दमा. कान्यानं माणूस मारू नका." हे वाक्य मी पेशंटांना इतक्या वेळा ऐकवलंय की ते मला माझंच वाटायचं.

गोळी काम कसं करते हे समजावायची त्यांची तऱ्हा वेगळी. कॉलेजात त्या हे फळाभर आकृत्या काढून शिकवत असणार. आमच्याकडे एकच गोष्ट होती. "घरात पाहुणे आलेत. सून तापानं फणफणलीय. सासू दारातून ओरडते, ऊठ, लवकर कर, पाहुणे उपाशी आहेत. सून उठते, दोन भाकरी थापते. सासूला वाटतं, बघा, ओरडलं की होतं. दुसऱ्या दिवशी आणखी मोठ्यानं ओरडते. सून पुन्हा उठते. किती दिवस चालेल?"

पेशंट म्हणायचा, "चार दिवस."

"बरोबर. सून म्हणजे तुमचं हृदय. सासू म्हणजे तुमचे मज्जातंतू. ते मेंदूकडून निरोप आणतात, रक्त कमी पडतंय, पळ, पळ. ही गोळी सुनेला ताकद देत नाही. ही सासूला गप्प करते. सून आधी पडून राहील, मग बरी होईल, मग भाकरी करेल. पहिले पंधरा दिवस घरात भाकरी कमी, हे आत्ताच सांगते. थकवा येईल. मला शिव्या द्या. गोळी सोडू नका."

फर्दापूरच्या एका आजींना हे झोंबलं. लेण्यांच्या वाटेवर त्यांचं चहाचं दुकान होतं आणि तीन सुना हाताखाली. त्या म्हणाल्या, "आपा, सासूनं काय घोडं मारलं तुमचं?"

"काही नाही, आजी. सासू भल्यासाठीच ओरडते. पाहुणे उपाशी जाऊ नयेत म्हणून. पण सून आजारी आहे, हे तिला दिसत नाही."

आजींनी पुढे होऊन पुडी उचलली. मग "मला दिसतंय," म्हणाल्या आणि गोळ्यांची पुडी पदराच्या गाठीला बांधली. तेव्हापासून त्या गोळीला सासूची गोळी असं नाव पडलं. एक पेशंट औषधाच्या दुकानात जाऊन तेच नाव सांगून आला. दुकानदारानं विचारलं, सासूला काय होतंय?

आता माझ्या घरचं सांगते. मी लासूर स्टेशनची, सकाळच्या गाडीनं संभाजीनगरला येते. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील, आबा. आबांनी चाळीस वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. लग्नसराईत पोटासाठी, आणि एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांसाठी. त्यांना धाप लागायला लागली तेव्हा सगळ्या गावानं एकच निदान केलं, आयुष्यभर फुंकलं, फुप्फुस झिजलं. कागदावर दमा आला, खिशात पंप आला. मलाही ते पटलं. मी, जी रोज लोकांना कान्याचा फरक शिकवत होते.

एका शुक्रवारी मला टेबलावर डुलकी लागली. मॅडमनी विचारलं, झोप झाली नाही का. मी म्हटलं, आबा झोपू देत नाहीत, बसूनच असतात, दमा आहे ना. मॅडमनी पेन खाली ठेवला.

"किती उशा?"

मी मनातल्या मनात मोजल्या. तीन उशा होत्या, आणि चौथी म्हणून आईची गोधडी घडी करून. ती घडी रोज मीच माझ्या हातानं घालत होते. मला वाईट वाटलं म्हणणं खोटं होईल. मला लाज वाटली, इतकी की तिथून उठून जावंसं वाटलं.

मंगळवारी आबांना घेऊन गेले. मॅडमनी विचारलं, "काय होतं?"

"दम हाय मला."

"दम असता तर इथं आला नसता. दम लागतो, असं म्हणा."

आबांना हसू आलं आणि हसता हसता धाप लागली. "बँडमंदी लई फुकलं, बाई. त्यानंच झालंय."

मॅडम खाली वाकल्या आणि आबांच्या नडगीवर बोट दाबलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहिला. हृदयाच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीत पाहिलं. हृदय मोठं होऊन सैल पडलं होतं. दम्याचा पंप बंद झाला, आधी पाणी उतरवायची गोळी सुरू झाली, आणि पाणी उतरल्यावर सासूची पाव गोळी. पाव, अर्धी, एक. पंधरा दिवस आबांनी मॅडमना शिव्या दिल्या. मग उशा कमी होत गेल्या आणि गोधडी परत पेटीत गेली. आबा दिवस मोजू लागले. त्यांना एकच हवं होतं, एप्रिलात मिरवणुकीत क्लॅरिनेट घेऊन चालायचं. मला एवढंच हवं होतं की आबा राहावेत.

मार्चमधल्या एका शनिवारी आबा खाटेवरून उठले आणि भिंतीला धरून पुन्हा बसले. चक्कर आली म्हणाले. मी नाडी पाहिली, बावन्न. बीपी पाहिलं, नव्वद. शेजारचे काका बघत होते, ते म्हणाले, "बीपीची गोळी कामून देती गं त्याला? मारती का बापाला?"

हा शब्द मी हजारदा खोडून काढला होता. त्या दिवशी खोडला नाही. फोन हातात होता, मॅडमचा नंबर पहिलाच होता. पण मॅडम म्हणाल्या असत्या, थांबा, आणि मला थांबायचं नव्हतं. मी गोळी बंद केली. कमी केली नाही, पुरती बंद केली.

आणि खरं सांगायचं तर आबा एकदम टवटवीत झाले. चक्कर गेली. "आता अंगात दम आला," म्हणाले. दोन दिवसांत बँडच्या खोलीवर जाऊन तालीम करून आले. मी मनाशी म्हटलं, शेवटी घरचं माणूसच घरच्या माणसाला ओळखतं. मंगळवारी मॅडमनी विचारलं, आबा कसे आहेत? मी म्हटलं, छान आहेत, गोळी चालू आहे. सात वर्षांत मॅडमशी मी बोललेलं ते पहिलं खोटं.

दहाव्या दिवशी सकाळी तालमीतल्या लोकांनी आबांना जीपमध्ये घालून दवाखान्यात आणलं. ओठ निळे पडले होते. नाडी बोटाला लागत होती पण मोजता येत नव्हती. मला अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर उभं केलं. सिस्टर म्हणून मी त्या दारातून शेकडो वेळा आत गेले असेन, त्या दिवशी मी कुणाची तरी लेक होते.

दुपारी आबांना बोलता यायला लागलं. मॅडम आत गेल्या, मी त्यांच्या मागे. गोळी चालू असताना नाडी अशी पळत नाही, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी सरळ विचारलं, "गोळी कुणी बंद केली?"

आबांनी तोंडावरचा ऑक्सिजन बाजूला केला. "म्याच सोडली. तिला म्हाईत बी नाय."

"नाही, मॅडम," मी म्हटलं. "मी बंद केली. आणि तुमच्याशी खोटं बोलले."

मी त्या "नक्को"ची वाट पाहत होते. नोकरी जाईल हेही धरून चालले होते. मॅडमनी मला बाहेर नेलं, बाकाकडे बोट केलं. "बैठ." स्वतः शेजारी बसल्या.

"कमी करायची होती," त्या म्हणाल्या. "बावन्न नाडी होती, चक्कर होती, कमीच करायची होती. बंद करायची नव्हती. विचारायचं होतं."

"घाबरले."

"कळतं मला. मी कॉलेजात होते तेव्हा पुस्तकात काय होतं, ठाऊक आहे? दुबळ्या हृदयाला ही गोळी म्हणजे विष. मी मुलांकडून घोकून घ्यायचे. देऊ नये, देऊ नये, देऊ नये. एका मुलानं पेपरात लिहिलं, अगदी थोडी थोडी वाढवत दिली तर उपयोग होईल. मी त्याला शून्य दिलं. नुसतं शून्य नाही. वर्गात उभं केलं आणि त्याचं उत्तर वाचून दाखवलं. सगळे हसले. मीसुद्धा."

"मग?"

"मग काही वर्षांनी पुस्तकच बदललं. तो बरोबर होता. मी चूक शिकवून डॉक्टरांच्या किती तुकड्या बाहेर पाठवल्या, आणि त्यांनी किती लोकांना ही गोळी दिली नाही, ते मोजता येत नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्याचा पत्ता शोधून पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. त्यानं का द्यावं? ते शून्य काही खोडता येत नाही. म्हणून इथं येऊन बसते."

सात वर्षं मला वाटत होतं की मॅडम हट्टी आहेत, विक्षिप्त आहेत, वयानं असं होतं. त्या बाकावर पहिल्यांदा कळलं की ही बाई एका चुकीच्या मागे इतकी वर्षं चालते आहे, आणि थकायचं नाही असं तिनं ठरवलंय. मी रडले. त्यांनी रडू दिलं. शेवटी म्हणाल्या, "पाणी उतरू दे. मग पुन्हा पावपासून."

पाणी उतरायला आठवडा गेला. मंगळवारी आबांना चाकाच्या खुर्चीतून ओपीडीत आणलं. टेबलावर बशीत पाव गोळी ठेवलेली होती. आबांनी तोंड फिरवलं.

"नगं, बाई. ती बंद व्हती तवा मला लई बरं वाटलं. तालमीला गेलतो मी. ही घेतली की पुन्हा भिंत धरायची."

मॅडमना उत्तर येत होतं, रोजचंच होतं. पण त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. मग मी आबांच्या समोर खाली बसले.

"आबा, ते बरं वाटणं खरं नव्हतं, सासू पुन्हा वरडाय लागली व्हती. त्यानंच तुमाला हितं आणलं. म्या चुकले."

"तू भ्याली व्हती?"

"व्हय."

"आता भ्या वाटत नाय?"

"वाटतंय. लई वाटतंय."

"मंग?"

"तरी देणार. पुन्हा चक्कर आली तर आपांना इचारून कमी करीन. पण देणार."

आबा बशीकडे बघत राहिले. मिरवणूक त्या वर्षी हातची गेली होती. ते त्यांनाही कळलं होतं, मलाही.

"तुह्या हातानं सोडली," ते म्हणाले. "तुह्या हातानं दे."

मी बशीतला तुकडा उचलला. एवढासा पांढरा तुकडा, पण तो आबांच्या तोंडापर्यंत नेववेना. मी तो बशीत परत ठेवला आणि आबांची नाडी मोजायला घेतली. बाहेर बाकांवर जागा उरली नव्हती, कुणीतरी दार लोटून पाहिलं, आमचा नंबर कधी म्हणून. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. हातातली कामं बाजूला ठेवून त्या नुसत्या बसून राहिल्या, माझं मोजून होईपर्यंत. मी पुरती तीन वेळा मोजली.

मग मी आबांना गोळी दिली. ती पुन्हा अर्धी व्हायला महिना गेला आणि एक व्हायला चार महिने. आज पाच वर्षं झाली. रोज सकाळी गाडीला निघायच्या आधी आबा माझ्यापुढे तळवा पसरतात. काही दिवशी भीतीनं नाडी अजून दोनदा मोजते. तरी देते.